शेवटचं कडवं

भीमगीतांच्या जुन्या पुस्तिका तुम्ही पाहिल्या असतील. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर, रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून मांडलेल्या. सोळा पानं, बत्तीस पानं, कागद पिवळा, शाई बोटाला लागणारी. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर एक शब्द असतो: ‘चाल’. आणि पुढं एखाद्या सिनेमातल्या गाण्याचं तोंड. गाण्याच्या बुडाशी, शेवटच्या कडव्यात, कवीचं नाव. वरती चालीचा पत्ता, खालती शब्दांचा पत्ता. मधी आपण.

दोस्तांनो, आपल्यातली शिकलेली पोरं आता या पुस्तिकांना नाक मुरडतात. ‘सिनेमाच्या चाली चोरायच्या, त्यात आपलं काय?’ असं कॉलेजात जाणाऱ्या एका पोरानं मला तोंडावर विचारलं. त्याच्या मोबाईलमधी इंग्रजी गाणी भरलेली. एकाचं गाणं दुसऱ्यानं गायलेलं. मोठमोठ्या बँडांची गाणी नुसत्या लाकडी गिटारीवर, बिनविजेची. पहिल्याला तो ‘कव्हर’ म्हणतो, दुसऱ्याला ‘अनप्लग्ड’, आणि ती कला. वस्तीतल्या म्हाताऱ्यानं पेटी-ढोलकीवर वामनदादा गायला की ती नक्कल. हा न्याय मला कळंना. मी जालन्याच्या रोलिंग मिलमधी सळईवर उभा राहणारा माणूस, संगीताची शाळा पाहिलेली नाही. पण कान आहेत. त्या पोराचीच गाणी मागून घेतली, रात्रपाळी सुटल्यावर ऐकली. आपली पुन्हा ऐकली. चार जाणत्यांना विचारलं, मिळालं ते वाचलं.

आधी चालीचं बघू.

तमाशा कुणाचा? ढोलकी आपली, तुणतुणं आपलं, नाचणारी बाई आपली, मागं उभा राहून झील धरणारा आपला. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५). जातीनं ब्राह्मण, लावणीपायी घरदार सोडून फडात आलेला. मोठा शाहीर, त्यात वाद नाही. पण ती लावणी जिच्या गळ्यातून लोकांपर्यंत गेली ती पवळा महाराची लेक. बापूरावांची लावणी छापता आली. पवळाचा गळा कोण छापणार?

सत्यशोधकांनी हाच तमाशाचा साचा उचलला आणि जलसा केला. आंबेडकरी जलसा त्याच्या पुढचा. भीमराव कर्डकांनी १९३१ साली नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग अशी उतरंड असते. जलसेवाल्यांनी उतरंड तशीच ठेवली आणि आतला माल बदलला. गणपतीच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं. गवळणीतली कृष्णाची छेडाछेडी गेली, तिथं शाळा आली, पाणवठा आला, दारू सोडणं आलं, मेलेलं ढोर ओढायला नकार आला. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचे, असं बाबासाहेब म्हणाले होते असं सांगतात. कर्डकांनी नंतर हे सगळं ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकात लिहून ठेवलं, १९७८ साली. आपला इतिहास आपल्या हातानं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी शोधून वाचावं.

म्हणजे साचा जुना, शब्द नवे, ही रीत आपल्याकडं सिनेमाच्या आधीपासूनची आहे. सिनेमा आला तेव्हा त्याची चालसुद्धा एक साचाच ठरली.

यात एक कामाची सोय होती आणि ती समजून घेतली पाहिजे. नवी चाल शिकवायला वेळ लागतो. पेटीवाल्याला बसवावी लागते, झीलकऱ्यांना घोटावी लागते, आणि ऐकणारा पहिल्या दिवशी नुसता ऐकतो, गात नाही. पण पुस्तिकेवर सिनेमातल्या गाण्याचं तोंड लिहिलं की काम झालं. ती चाल हॉटेलातल्या रेडिओनं, टुरिंग टॉकीजनं, लग्नातल्या बँडनं आधीच घरोघर पोचवलेली. कुठं उचलायचं, कुठं दम घ्यायचा, कुठं झील धरायची, हे दोनशे माणसांना आधीच ठाऊक. रात्री गाणं लिहिलं तर सकाळी मोर्चात म्हणता येतं. स्वरलिपी वाचता येणारा एक माणूस वस्तीत नसताना ‘चाल’ हा एक शब्द पुरत होता.

आणि सोयीच्या पलीकडं आणखी एक गोष्ट घडते. ऐकणाऱ्याच्या कानात जुने शब्द मागं वाजत राहतात आणि नवे शब्द पुढं. मूळ गाण्यात नायक नायिकेची वाट बघतोय. त्याच चालीत आई आपल्या भीमाची वाट बघते. सिनेमातला विरह त्या चालीत मुरलेला असतो, तो फुकट मिळतो. भाषणात हे होत नाही. भाषणात राग येतो, आकडे येतात. गळा दाटून येतो तो अशा गाण्यात. चळवळीच्या गाण्यात माया आली ती बरीचशी या उसन्या चालींच्या वाटेनं आली, असं माझं मत आहे. कुणाला पटो न पटो.

वामनदादा कर्डकांचं उदाहरण घ्या. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत आले तेव्हा अक्षर येत नव्हतं. समता सैनिक दलात असताना देहलवी मास्तरांकडून अक्षर शिकले आणि मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्के झाले. पहिलं गाणं १९४३ चं, तेही हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन. म्हणजे आपल्या सगळ्यात मोठ्या कवीची सुरुवात, त्या कॉलेजच्या पोराच्या भाषेत, ‘नकले’पासून झाली! त्या नकलेतून पुढं ‘वाटचाल’ आली १९७३ साली, ‘मोहळ’ १९७६ साली, आणि हजारो गाणी. १५ मे २००४ ला ते गेले. महाराष्ट्रात असा तालुका नसेल जिथं त्यांचं गाणं कुणी दुसऱ्यानं गायलं नाही. कव्हर, कव्हर म्हणता ना? हे घ्या.

आणि चाल मुळात कुणाची, हेही एकदा विचारावं. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला. वसंत पवारांचं संगीत, त्याला तोड नाही. पण त्यातली ढोलकी आणि लावणीची फेक आली कुठून? फडातून. फडातले पाय कुणाचे होते ते वर सांगितलंच आहे. १९७३ च्या ‘बॉबी’त गोव्यातली देखणी उतरली. सिनेमावाले लोकांच्या अंगणातून नेतात, तासतात, तबकडीवर चढवतात आणि आपल्यालाच विकतात. आपण ती परत अंगणात आणली तर ती चोरी कशी?

मराठवाड्यात तर गाण्यावाचून दुसरं हत्यारच नव्हतं. जालना तेव्हा निझामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यातलं एक गाव. आपला जिल्हा १ मे १९८१ चा, परतूर तर परभणीतून आलेलं. निझाम सरकारनं १९२९ साली गश्ती निशान ५३ काढून सभेला आधी परवानगी घेण्याचं बंधन घातलं. ३० डिसेंबर १९३८ ला बाबासाहेबांची परिषद मक्रणपूरला भरवली ती त्याच पायी, शिवना नदीच्या पलीकडं, इंग्रजांच्या हद्दीत. भाऊसाहेब मोरे यांनी ती उभी केली आणि माणसं नदी ओलांडून गेली. सभेला परवानगी लागते. पाळण्याला लागत नाही, लग्नाला लागत नाही, जात्याला तर मुळीच लागत नाही.

जात्याचं सांगतो. ओवी म्हणजे बिनविजेच्या गाण्याची आजी. वाद्य एकच, दगडावर दगड. चाल एकच, शेकडो वर्षांची. त्या चालीत बायांनी आधी विठोबा गायला, राम-सीता गायली, भाऊ गायला, आणि मग एक दिवस त्याच जागेवर भीम आला, रमाई आली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. गोदावरी ओलांडली की आपल्या घनसावंगी-अंबडच्या पलीकडं माजलगाव. तिथल्या भीमनगरातल्या बायांच्या भीमाच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ऐका. रामाच्या ओवीचं कव्हर म्हणायचं तर म्हणा. पण देवाला जाग्यावरून उठवून माणसाला बसवणं हे पीठ पडता पडता झालेलं काम आहे, आणि त्याला कुणी क्रांती म्हटलं नाही.

ओवीला नाव नसतं. गरज नव्हती. गाणारी समोर बसलेली, तिला सगळा वाडा ओळखतो. गाणं घराबाहेर पडलं, दुसऱ्याच्या तोंडी गेलं, की नावाची गरज लागते. म्हणून आपल्या लोकांनी एक युक्ती फार जुन्या काळापासून धरलेली आहे. नाव गाण्याच्या बाहेर लिहायचं नाही, आतच विणायचं. शेवटच्या कडव्यात. चोखोबांच्या अभंगात चोखा आहे. सोयराबाईच्या अभंगात ती स्वतःला चोख्याची महारी म्हणवते, जातीसकट नाव घालते. चोखोबांचे अभंग अनंतभट्टानं लिहून घेतले असं परंपरा सांगते. लिहिणारा कुणी का असेना, नाव आत होतं म्हणून अभंग चोख्याचा राहिला. छापखाना नाही, शाळा नाही, देवळात पाय ठेवायची मुभा नाही, अशा माणसाला आपली वस्तू आपल्या नावावर ठेवायची याहून पक्की रीत कुठली होती?

वामनदादांनी हीच रीत धरली. त्यांच्या गाण्यांत शेवटी ‘वामन’ येतो.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट बघा. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे रामदासांचं गाव. तिथं त्यांच्या रचना म्हणतात तेव्हा शेवटचा ‘दास’ कुणी गाळतो का? गाळून बघा, काय होतंय ते. आणि आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत वामनदादांचं गाणं वाजतं तेव्हा ‘वामन’ कुठं असतो? नसतो. मुखडा वाजतो, पहिलं कडवं वाजतं, पुन्हा मुखडा, मग धाड धाड ठोके, आणि दुसरं गाणं सुरू. नाचणाऱ्या पोरांना विचारलं, कुणाचं गाणं? गायकाचं नाव सांगतात. काहीजण तर डीजेवाल्याचं सांगतात.

हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. यंत्राची करणी आहे. नाव शेवटाला आहे आणि प्रत्येक यंत्र शेवटच कापतं. जुन्या तव्याची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. रात्रभर चालणाऱ्या मैफलीतलं गाणं त्यात बसवायचं तर काहीतरी जाणारच. कॅसेट त्या मानानं दिलदार होती, एका बाजूला अर्धा तास. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, गोविंद म्हशीलकर, श्रावण यशवंते ही नावं माझ्या बापाच्या पिढीला कॅसेटींनी घराघरात दिली. सवाल-जवाबाच्या कव्वाल्या पूर्ण ऐकता आल्या. पण कॅसेटीच्या कागदावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचं नाव मुंगीएवढं, तेही छापलं तर. मग डीजे आला, आणि आता मोबाईलवरची रील. तिथं पाऊण मिनिटात मामला आटोपतो. पाऊण मिनिटात शेवटच्या कडव्याची पाळी येणार कधी?

यावर तो कॉलेजचा पोरगा म्हणाला, तिकडंबी असंच चालतं. चालतं का? बघितलं. आपल्या पँथरनं १९७२ साली नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरवरून. तेव्हा त्यांच्या गाण्यांचं काय झालं हे आपल्याला माहीत असायला हरकत नाही.

हडी लेडबेटर नावाचा काळा माणूस. लोक त्याला लेड बेली म्हणत. बारा तारांची गिटार वाजवायचा. १९३३ साली तो लुइझियानातल्या अंगोला नावाच्या तुरुंगात होता. त्या जागी पूर्वी गुलामांचा मळा होता, आणि गुलाम आफ्रिकेच्या अंगोलातून आणलेले म्हणून मळ्याचं नाव ते. जॉन लोमॅक्स आणि त्याचा पोरगा ॲलन हे गोरे संग्राहक यंत्र घेऊन तिथं आले आणि त्याची गाणी उतरवली. त्यातून तो जगाला कळला, हे खरं. आणि त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यावर कवी म्हणून त्याच्या नावाशेजारी लोमॅक्सचं नाव चढलं, हेही खरं. ते गाणं १९५० साली वीव्हर्स नावाच्या गोऱ्या गायकांनी गायलं आणि ते अमेरिकेत कित्येक आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. लेड बेली काही महिन्यांआधी मेला होता. तारीख ६ डिसेंबर १९४९. ही तारीख वाचून मी थोडा वेळ थांबलो. संबंध काही नाही. तरी थांबलो.

दुसरं उदाहरण गिरणीच्या माणसानं विसरू नये असं. शाळेत आपण सगळे हिंदीतून विजयाचं एक गाणं म्हणतो, गिरिजाकुमार माथुरांनी हिंदीत आणलेलं. त्याचं मूळ काळ्यांच्या चर्चमधलं भजन. १९४५-४६ साली चार्ल्सटनच्या सिगारच्या कारखान्यात संप झाला, पिकेटिंगवर काळ्या बाया उभ्या होत्या. त्यातली ल्युसिल सिमन्स ते गाणं आपल्या संथ पद्धतीनं म्हणायची आणि ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हणायची. एवढाच बदल. पण तेवढ्यानं भजनाचं मोर्चाचं गाणं झालं. पुढं १९६० साली कायद्याच्या कागदावर जी चार नावं चढली ती सगळी गोऱ्या गायक-कार्यकर्त्यांची. पैसा चळवळीच्या निधीला दिला, तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. २०१८ साली कोर्टातल्या तडजोडीनं गाणं सगळ्यांना मोकळं झालं. कागदावर सिमन्सबाई कुठंच नाही. संपवाल्या बाईचं नाव कापायला तिथं यंत्रसुद्धा लागलं नाही.

आता त्या पोराच्या मोबाईलमधलं मला आवडलेलं सांगतो, कारण नुसता राग धरून भागत नाही. निर्वाणा नावाचा रॉकवाल्यांचा बँड. नाव आपल्याच धम्मातलं उचललेलं. कानठळ्या बसवणारा. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमधी त्यांनी विजेची गिटार बाजूला ठेवून टीव्हीसाठी कार्यक्रम केला. चौदा गाणी, त्यातली सहा दुसऱ्यांची. शेवटचं गाणं लेड बेली गायचा ते. गाण्याआधी त्यांचा गायक कर्ट कोबेन लेड बेलीचं नाव घेतो, हा माझा सगळ्यात आवडता म्हणतो, मग सुरू करतो. शेवटी त्याचा आवाज फाटतो आणि तो फाटू देतो. मला इंग्रजी पुरतं कळत नाही, पण ते कळलं. त्याच नोव्हेंबर महिन्यात इकडं नांदेडला गौतम वाघमारे यांनी विद्यापीठाच्या नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं होतं. १९७८ साली विधिमंडळात ठराव झाला, वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे गेले, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका पाटीवर एक नाव चढवायला सोळा वर्षं. नावाची किंमत मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून तर ‘वामन’ गळतो तेव्हा मला जास्त लागतं.

बिनविजेच्या गाण्यात नाव गळत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. कारण साधं आहे. गाणारा माणूस मधीच बंद करता येत नाही. कडूबाई खरात यांना ऐका. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाण्याकडच्या. हातात एकतारी, दुसरं काही नाही. दारोदार गाऊन लेकरं जगवली. कुणीतरी मोबाईलवर टिपलं आणि बाई सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली. स्टुडिओत जाऊन हीच गाणी त्यांनी मागं सगळा बाजा लावूनही गायली आहेत. मला एकतारीवरचीच आवडतात. एकतारी एकच सूर धरून ठेवते, त्यामुळं शब्दाला लपायला जागा राहत नाही. ठोका मोठा असला की शब्द कसाही चालतो. एकतारीवर कमजोर शब्द लगेच उघडा पडतो. वामनदादांचा पडत नाही.

विठ्ठल उमप यांचं गाणंही असंच समोर बसून ऐकण्याचं. २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच ते गेले. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबार झाला, दहा माणसं मेली, आणि चार दिवसांनी विलास घोगरे यांनी गळफास घेतला. त्यांचा आवाज आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मधी आहे. तो ऐकून झाल्यावर डीजेपुढं उभं राहून बघा.

एक सावधगिरी मात्र. बिनविजेचं म्हणजे जुनं ते सगळं चांगलं, असं कुणी समजू नये. हलगी आपल्या लोकांनी कशी वाजवली ते आठवा. पाटलाच्या वरातीपुढं, मढ्यापुढं, भाकरीच्या तुकड्यावर, गावकीचं काम म्हणून. चळवळीनं ते काम सोडायला लावलं आणि योग्य केलं. कितीतरी घरांनी कातडं खुंटीवर टांगलं ते परत उतरवलं नाही. त्यांना ‘लोककला मरते आहे’ म्हणून गळे काढणारे शहरी लोक मला सहन होत नाहीत. आज पोरं हलगी उचलतात ती मोर्चात, स्वतःच्या मर्जीनं. तीच काठी, तेच कातडं, पण हुकूम कुणाचाच नाही. हे हलगीचं कव्हर समजा.

कायद्याचं दोन ओळीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आधी गाण्याची दुसरी आवृत्ती काढता येत होती. ऐंशीच्या दशकात जुन्या सिनेगीतांच्या नव्या गळ्यातल्या कॅसेटींचा पूर आला तो त्याच वाटेनं. २०१२ च्या दुरुस्तीनं पाच वर्षं थांबणं आलं, आणि वर्षाला निदान पन्नास हजार प्रतींचं मानधन आगाऊ देणं आलं. हौशी मंडळानं फुकट ऐकणाऱ्यांपुढं गायलं तर कायदा आडवा येत नाही, म्हणजे जयंतीला गायला कुणाची भीती नाही. पण कलम ५७ म्हणतं की हक्क विकला तरी रचना माझी आहे हे सांगण्याचा अधिकार कवीकडंच राहतो. वामनदादांच्या गाण्यांवरचा वारसांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. वस्तीत हे किती जणांना ठाऊक आहे?

आमच्या वस्तीत एक म्हातारे गायक होते. मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या घरच्यांनी वही मला दिली. शंभर पानी, पुठ्ठा गेलेला, पहिल्या पानावर जय भीम. एका गाण्याखाली तीन वेगवेगळ्या शाईत तीन जादा कडवी आहेत, तीन गायकांची. कुणी नामांतराचं घातलंय, कुणी दुष्काळाचं. पण तिन्ही कडवी मूळ कवीच्या शेवटच्या कडव्याच्या आधी, बाण काढून घुसवलेली. शेवटची जागा कुणी घेतली नाही. हा नियम त्यांना कुणी छापून दिलेला नव्हता. आता आम्ही पाच जण शनिवारी बसतो, पेटी आहे, ढोलकी आहे, टाळ आहे. गाण्याआधी कवीचं नाव आणि गाव सांगतो. वेळ कमी पडला तर मधलं कडवं सोडतो. मागच्या जयंतीला एका मंडळानं आम्हाला दहा मिनिटं दिली आणि सातव्या मिनिटाला मागून साऊंड सुरू केला. तरी शेवटचं कडवं ओरडून म्हटलं.

त्या वहीतल्या तीन गाण्यांना कवीचं नाव नव्हतं. दोघांची लागली. एक मंठ्याकडच्या रिटायर मास्तरांचं निघालं. दुसरं ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईचं, ती आता थकली आहे, पण पूर्ण म्हणून दाखवलं तिनं. तिसऱ्याचा पत्ता नाही. चाल १९५४ च्या ‘नागिन’मधली आहे. पहिल्या कडव्यात विहीर आणि दोर आहे, दुसऱ्यात मुलीची शाळा, तिसऱ्यात परतूरचं रेल्वे स्टेशन. शेवटचं कडवं पान फाटल्यामुळं अर्धंच राहिलं आहे. परतूर-आष्टीकडं कुणी हे गाणं ऐकलं असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा.